बँकेचा नकार आधी नीट वाचा

पत्र असं आहे:

‘माझं वय 31. रत्नागिरीत एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, हातात 24 हजार येतात. मिस्टरांचा स्वतःचा छोटा टेम्पो आहे. आंब्याच्या दिवसांत बागेतून ट्रान्सपोर्टपर्यंत पेट्या, एरवी चिरे, वाळू, घरसामान असं भाडं मिळतं. सरासरी महिना 30 हजार सुटतात, पण सगळे रोखीत. रिटर्न कधी भरलेलं नाही. टेम्पोचा हप्ता साडेसात हजार, अजून चौदा हप्ते बाकी. घरभाडं साडेसहा हजार. शिल्लक चार लाख आणि थोडं सोनं. शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायतीत बारा फ्लॅटची नवी इमारत होतेय, तिथला वन बीएचके 28 लाखांना पसंत पडलाय. सरकारी बँक म्हणते, तुमच्या पगारावर 11 लाखच मिळतील, शिवाय एनए ऑर्डर आणा. बिल्डर म्हणतो, बँकेच्या नादी लागू नका, आमच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीतून 12 टक्क्यांनी करून देतो. अ‍ॅग्रीमेंट 22 लाखांचं करू, सहा लाख रोखीत द्या, त्यातले तीन आत्ता. गणपतीनंतर दर वाढणार आहे म्हणे. सासूबाई म्हणतात, संगमेश्वरला आपली जमीन आहे, तिथे घर बांधा. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. शिवाय मिस्टर एका मित्राला सहकारी बँकेत जामीन आहेत. काय करावं?’

सर्वात आधी तातडीचं. ते तीन लाख देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे काउंटरच्या पलीकडे काय चालतं ते ठाऊक आहे. बँकेने तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या आणि तुम्ही त्या एकत्र करून ‘बँक देत नाही’ असं धरून चाललात. त्या वेगळ्या आहेत. 11 लाखच मिळतील, हे तुमच्या उत्पन्नाबद्दल झालं. एनए ऑर्डर, म्हणजे शेतजमीन बिनशेती केल्याचा आदेश आणा, हे फ्लॅटबद्दल झालं. पहिली अडचण वर्ष-सव्वा वर्षात सुटण्यासारखी आहे. दुसरी तुमच्या हातातच नाही, आणि ती बिल्डरच्या हातात तरी आहे का, हे बघायला हवं.

11 लाखांचा आकडा कुठून आला बघा. महिन्याच्या हप्त्यासाठी बँकेने उत्पन्नाचे 40 टक्के धरले. 24 हजारांचे 40 टक्के म्हणजे 9,600. साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी, एक लाखाला महिना सुमारे 868 रुपये हप्ता बसतो. भागाकार केला की 11 लाख येतात. त्या हिशोबात मिस्टरांचे 30 हजार कुठेच नाहीत, कारण बँकेच्या दृष्टीने ते उत्पन्न अस्तित्वातच नाही. ते कागदावर आलं तर दोघांचे मिळून 54 हजार होतात, त्याचे 40 टक्के 21,600. टेम्पोचा हप्ता संपला की एवढी सगळी जागा गृहकर्जाला मोकळी, म्हणजे 25 लाखांच्या जवळपास. हप्ता चालू असताना गेलात तर त्यातून साडेसात हजार वजा, मग 16 लाखांच्या आसपास. माणसं तीच, कमाई तीच, आणि चौदा महिन्यांत 11 चे 25 होतात.

आता ते कागदावर आणायचं कसं. चांगल्या कर सल्लागाराकडे जा आणि त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की रिटर्न गृहकर्जासाठी हवंय. हे सांगणं गरजेचं आहे, कारण मालवाहू गाडीवाल्यांसाठी आयकरात ठोक उत्पन्नाची सोय आहे: हलक्या गाडीला महिन्याला 7,500 रुपये उत्पन्न धरलं की काम भागतं, हिशेबवह्या लागत नाहीत. घाईतला सल्लागार तेवढेच टाकून मोकळा होतो. वर्षाचे 90 हजार. मग बँक म्हणते, तुमचे मिस्टर महिन्याला साडेसात हजार कमावतात, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. प्रत्यक्ष उत्पन्न जास्त असेल तर जास्त दाखवता येतं, त्याला मनाई नाही. आणि ते दाखवायला भीती कसली? 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. तुमच्या मिस्टरांचे वर्षाचे तीन लाख साठ हजार. कर काही नाही, फक्त सल्लागाराची फी.

मागच्या आर्थिक वर्षाचं रिटर्न मुदत हुकली असली तरी 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं, विलंब शुल्क लागलंच तर किरकोळ. पुढच्या वर्षीचं वेळेत भरा. म्हणजे टेम्पोचा शेवटचा हप्ता जाईल तोवर हाताशी दोन रिटर्न असतील. कुणी सांगेल की मागच्या तीन वर्षांची एकदम भरून टाका. त्या वाटेला जाऊ नका. पावतीवर तारीख छापलेली असते. तीन वर्षांची रिटर्न एकाच आठवड्यात भरलेली दिसली की बँकेतला माणूस काय समजायचं ते समजतो.

रिटर्नइतकंच महत्त्वाचं म्हणजे खातं. बागायतदार, चिऱ्याच्या खाणीवाले, फर्निचरवाले, ज्यांच्याकडून भाडं येतं त्या सगळ्यांना टेम्पोच्या दर्शनी काचेवरचा क्यूआर दाखवायचा. जे रोख देतील ते दर सोमवारी खात्यात भरायचं आणि मग लागेल तसं काढायचं. मार्च ते मे खातं फुगलेलं आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओसरलेलं दिसेल, दिसू दे. कोकणातल्या शाखेला आंब्याचा हंगाम समजावून सांगावा लागत नाही.

पण बँक 25 लाख देईल म्हणून तेवढे घ्यावेत असं मला वाटत नाही. पावसाळ्यात टेम्पो आठ-आठ दिवस दारात उभा असतो आणि तुमची नोकरीही खासगी. 20 लाखांवर थांबा, हप्ता 17,360 च्या आसपास येईल. तो झेपतो का ते आधी करून बघा. आज भाडं साडेसहा हजार भरता. वरचे 10,900 दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापले जातील असे. टेम्पोचा हप्ता चालू असताना हे जड जाईल, मला कल्पना आहे. पण आगोटीची बेगमी मे महिन्यात केली तरच श्रावणात चूल नीट पेटते. चौदा महिन्यांत दीड लाखाच्या वर जमतील, आणि दोन-तीन महिने ठेव मोडावी लागली तर तेव्हाच कळेल की 20 लाखही जास्त होतात. कर्ज घेतल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

आता फ्लॅटकडे येऊ. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

सहा लाख रोखीत द्यायची अट ही तुम्हाला परवडणारी सवलत नाही, तीच तुम्हाला बुडवणारी आहे. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. आणि किंमत म्हणजे करारात लिहिलेली. मुद्रांक शुल्क, नोंदणी हे त्यात धरत नाहीत, ते तुमच्या खिशातून. करार 22 लाखांचा झाला तर तुमचे 2 लाख 20 हजार, वर रोखीचे सहा, वर शुल्क आणि किरकोळ खर्च दीड लाख. एकूण पावणेदहा. हाच व्यवहार पूर्ण 28 लाख पांढऱ्यात झाला तर तुमचे 2 लाख 80 हजार आणि शुल्काचे दोन लाख, म्हणजे पावणेपाच. तुमच्याकडे आहेत चार. रोखीच्या वाटेने गेलात तर उरलेले पाच-सहा लाख सोनं मोडून किंवा हातउसने उभे करायचे, आणि कशासाठी? बिल्डरचा कर वाचावा म्हणून. त्यातून व्यवहार फिसकटला तर परत मिळण्याचा हक्क फक्त लिहिलेल्या पैशांवर. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. त्यांनाही हे माहीत आहे. म्हणूनच तीन लाख आत्ता आणि पावतीशिवाय.

रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्यांच्याकडे महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. आठपर्यंत फ्लॅट किंवा 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड असेल तर नोंदणीतून सूट असते. इथे बारा फ्लॅट आहेत. नोंदणी नसेल तर का नाही, हे त्यांनी लेखी द्यावं. ‘गावात लागत नाही हो’ हे उत्तर धरायचं नाही.

एनए ऑर्डरचंही तसंच. ती असती तर बँकेने मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली असती. बिनशेतीचा कागद, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, एवढं हवंच. ग्रामपंचायतीचा घरक्रमांक किंवा घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नाही. ती कर भरल्याची पावती आहे. आपल्याकडच्या जमिनींना कुळकायद्याच्या अटी असतात, विक्रीला परवानगी लागते, सातबाऱ्याच्या इतर हक्कात काहीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बँकेचा वकील साधारण तीस वर्षांच्या मालकीचा शोध घेतो तो यासाठी. त्याची फी दोन-पाच हजार तुम्ही भरता, पण एवढ्या पैशांत तुमच्या बाजूने इतकं कसून बघणारा दुसरा कुणी भेटणार नाही. ज्या फ्लॅटवर सरकारी बँक कर्ज देत नाही, तो फ्लॅट उद्या तुमच्याकडून कर्ज काढून विकत घेणारा कोण असेल?

12 टक्केवाल्या कंपनीबद्दल मात्र सरसकट वाईट बोलणार नाही. रिटर्न नसलेल्या माणसाचं दुकान, गाडी, गिऱ्हाईक प्रत्यक्ष बघून कर्ज देणाऱ्या गृहवित्त कंपन्या आहेत आणि त्यांच्यामुळे कित्येक रिक्षावाल्यांची, खानावळवाल्यांची घरं झाली. हप्त्यातला फरक मात्र बघून ठेवा: 20 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 17,360, बारा टक्क्यांनी 22,020. महिना साडेचार हजारांच्या वर, वीस वर्षांत अकरा लाखांच्या वर. उत्पन्नाचा कागद नाही म्हणून अशा कंपनीत गेलात तर एक वेळ ठीक, दोन वर्षांनी रिटर्न दाखवून कर्ज बँकेत हलवता येतं. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंडही नसतो. पण फ्लॅटचा कागद नाही म्हणून गेलात, तर कुठलीच बँक ते कर्ज उचलणार नाही आणि तुम्ही वीस वर्षं बाराला बांधलेल्या.

जामीन राहिल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज एका ओळीत लिहिलंय. मी तिथेच थांबले. मित्राचे हप्ते थकले असतील तर ते तुमच्या मिस्टरांच्या पत अहवालात दिसतात, आणि आपण जामीन आहोत एवढ्यानेही बँक थोडी हात आखडते. दोघांचे सिबिल अहवाल आजच काढा, वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. साडेसातशेच्या वर गुण असले तर काळजी नाही. खाली असले तर कुठल्या ओळीमुळे, ते शोधा. जुनी फेडलेली टू-व्हीलर अजून ‘चालू’ दिसते असले प्रकार पुष्कळ असतात, आणि तक्रार केली की दुरुस्त होतात. मित्राचं कर्ज खरंच थकलं असेल तर मिस्टरांनी त्याच्या घरी जाऊन बसावं. भिडेखातर केलेल्या सहीला भिडेखातर गप्प राहायचं नसतं. आणि हो, चार ठिकाणी एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

सासूबाईंची जमीन. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त आजचं नाही. चौदा नावांच्या सामाईक सातबाऱ्यावर कुठलीही बँक गहाण घेणार नाही. सगळ्यांची संमती, वाटप, मोजणी, मग तुमच्या हिश्शाचा वेगळा उतारा, तेव्हा कुठे बांधकामाच्या परवानगीचा विषय. शिवाय तुमची रात्रपाळी रत्नागिरीत, तिथून रोज संगमेश्वर करणार का? पण काम आत्तापासून सुरू करा, कारण ते दरवर्षी कठीण होत जातं. चौदापैकी किती जण हयात आहेत? जे गेले त्यांच्या वारसांची नोंद झाली आहे का? गणपतीला मुंबईचे सगळे चाकरमानी घरी येतील, तेव्हा मृत्यूचे दाखले आणि आधारच्या प्रती गोळा करा आणि तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज मात्र तोच. वाटपाचा विषय मात्र आरतीनंतर भरल्या घरात काढू नका, पुढचं वर्ष कुणी बोलणार नाही. शिमग्याला काढा.

गावच्या घराचं आणखी एक बघायचं आहे. पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मध्ये व्याज अनुदान आहे: वार्षिक कौटुंबिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, मिळून जास्तीत जास्त एक लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. 1 सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांसाठी आहे. तुमचं उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे बसता. अट अशी की नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. आपल्याकडे सासरे गेले की ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, सगळ्या मुलांची नावं चढतात आणि त्यांना पत्ताही नसतो. तो उतारा काढून बघा. आणि ही योजना शहरी आहे. नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे आपल्याला रत्नागिरीच वाटतं, पण त्या ग्रामपंचायती आहेत. ज्या ठिकाणी घर घ्याल ते योजनेच्या हद्दीत येतं का, हे बँकेला अर्जाआधी विचारा, नंतर नाही.

आता घर कुठलं बघायचं. 23-24 लाखांच्या आत, नगरपरिषद हद्दीत, भोगवटा प्रमाणपत्र असलेला, दहा-बारा वर्षं जुना रीसेल फ्लॅट. नव्यापेक्षा तुमच्यासाठी मी तोच पसंत करेन. जीएसटी लागत नाही (नव्या, अपूर्ण इमारतीत तुमच्या बजेटला एक टक्का लागतो), सोसायटी झालेली असते, शेजाऱ्यांना विचारता येतं. फ्लॅट बघायला आषाढात जा. मे महिन्यात रंग लावलेली प्रत्येक भिंत कोरडीच असते. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात हिरवट पट्टा आहे का, गच्चीवर पत्र्याची शेड आहे का आणि असेल तर का घातली. मग एप्रिलअखेरीस परत जाऊन पाणी किती वेळ येतं ते शेजारणीला विचारा, सेक्रेटरीला नको. तुमच्याजवळ वेळ आहे, तो असा वापरा. चिपळूणकडे बघणाऱ्या वाचकांनी 22 जुलै 2021 ला पाणी कुठवर होतं ते विचारावं आणि निळी-लाल पूररेषा नकाशावर बघावी. खाडीकाठच्या स्वस्त प्लॉटवाल्यांनी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, आधी बघावं.

दर ठरवताना नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतले, त्याच गटातले जुने व्यवहार बघता येतात. शेजारचा फ्लॅट गेल्या वर्षी कितीला नोंदला गेला, हे समोर ठेवून बोललं की दलालाचा आवाज जरा खाली येतो.

खरेदी एकट्या तुमच्या नावावर करा. महिलेच्या नावावरच्या घराला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 24 लाखांवर 24 हजार वाचतात. मिस्टरांचं नाव मालक म्हणून जोडलं की ती जाते. ते सहकर्जदार राहू शकतात, त्यासाठी मालक असावं लागत नाही. त्यांना वाईट वाटेल का, हे तुम्हीच जाणता. कर्जाच्या फाइलबरोबर बँक एकरकमी विमा पुढे करेल, त्याचा हप्ता कर्जातच मिळवून. तो सक्तीचा नाही. दोघांचा साधा मुदत विमा वेगळा काढा, स्वस्त पडतो.

सोनं राहू द्या. घर ताब्यात आल्यावर मीटर, ग्रिल, किचनचा ओटा, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क असं एकामागून एक निघतं, तेव्हा सोनेतारण दोन महिन्यांसाठी कामी येतं.

बिल्डरला भांडून नाही म्हणायची गरज नाही. फोन करून एवढंच सांगा: ‘पूर्ण रक्कम चेकने देणार, बँक सरकारी, एनए आणि रेराचा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, वकिलाला दाखवून आठ दिवसांत कळवते.’ कागद आले तर मला पुन्हा लिहा, उत्पन्नाचं जमल्यावर तिथेही बघता येईल. गणपतीनंतर दर खरंच वाढला, तर ई-सर्चवर दिसेलच.